टेबल नऊच्या चाळीस फाईली

पुतणीचा पॅच आला तेव्हा काकाच्या हातात चहाचा कप होता. पहिल्या वीस ओळी त्याने घोट घेत घेत वाचल्या. शेवटच्या पानावर पोचला तेव्हा चहावर साय धरली होती आणि कप तसाच हवेत राहिला होता.

पॅच म्हणजे चालू प्रोग्राममधली दुरुस्ती. या ऑफिसात यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढत, आणि त्या नकाशांना लागणारे प्रोग्रामही तिथेच लिहीत. कुणीही दुरुस्ती केली की ती आधी तपासणीला जायची. तपासणीचा कायदा असा की ज्या फाईलमध्ये ज्याच्या ओळी सर्वांत जुन्या, तिच्यावर त्याचा शब्द शेवटचा. त्याने 'चालेल' लिहिलं की दुरुस्ती आत. नाही लिहिलं तर मोठ्या बाईंनी, म्हणजे खुद्द मालकिणीने सांगितलं तरी बाहेर. कायदा बाईंनीच केलेला. ज्याने भिंत बांधली त्यालाच ठाऊक की कुठली वीट पोकळ आहे, असं त्यांचं म्हणणं.

काकाच्या ओळी जिथे तिथे जुन्या होत्या. त्यामुळे त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पाठीमागे त्याला सगळे 'गाळणी' म्हणत. नवीन आलेल्याला तो असा गाळायचा की वर नुसता चोथा राहावा. एक जण तर सहाव्याच दिवशी जेवणाचा डबा टेबलावर सोडून गेला तो परत आलाच नाही. काकाने तो डबा वर्षभर तिथेच ठेवायला लावला होता. पुढच्यांना दिसत राहावा म्हणून.

पुतणी म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला लागलेली. बोली साधी होती: एक तरी मोठं काम तपासणीतून पार करून दाखव, कायम होशील, नाहीतर घरी जा. सहा महिने शुक्रवारी संध्याकाळी पाचला भरत होते आणि आज बुधवार होता. पहिल्या दिवशी ती "काका" म्हणून हसत आली होती, तर त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "काका घरी. इथे सर."

बाईंनी तिला काम दिलं होतं 'झाडू'चं. झाडू हा काकाचाच प्रोग्राम, अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांत लिहिलेला. रोज संध्याकाळी सहाला तो प्रत्येक टेबलावरचं मशीन झाडून काढायचा. फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारं जे साधन असतं, त्याला तो विचारायचा, 'कुणाच्या कुठल्या फाईली अजून जमा व्हायच्या आहेत?' साधन यादी सांगायचं. त्या यादीतल्या फाईली झाडू राखायचा आणि बाकी सगळं पुसून कोऱ्या प्रती आणून ठेवायचा. गोम होती ती यादी वाचण्यात. साधनाचं उत्तर माणसाने वाचावं अशा बेताने लिहिलेलं असे, आणि झाडू ते स्पेस दिसेल तिथे तोडून दुसरा तुकडा उचलायचा. फाईलचं नाव सलग असेल तोवर ठीक. पण 'पंप झाकण शेवटचं' असं नाव आलं की झाडूच्या हाती लागायचं नुसतं 'पंप'. पंप नावाची फाईल कुठेच नसायची, आणि खरी फाईल राखायच्या यादीत नाही म्हणून कचऱ्यात.

पुतणीने ते मुळापासून धरलं होतं. त्या साधनाकडून दुसऱ्या प्रकारचं उत्तरही मागता येतं, यंत्राने वाचायचं. त्यात प्रत्येक नावाच्या शेवटी अशी एक खूण येते जी नावात कधी असूच शकत नाही. मग नावात स्पेस असो, उद्या साधनाची भाषा बदलो, नवीन आवृत्ती येवो, वाचणारा फसत नाही. काम चोख होतं. काकालाही ते पहिल्या वीस ओळींतच कळलं होतं.

पण चहा थंड केला तो शेवटच्या पानाने. नवा वाचणारा खरोखर बरा आहे का, हे बघायला पुतणीने झाडूची जुनी नोंद उपसली होती. रोज संध्याकाळी साधन जे उत्तर देई ते जसंच्या तसं झाडू एका नोंदीत टाकून ठेवायचा. ती अक्कलही काकाचीच. नोंद बाईंच्या कुलपात; बाईंना विचारून वाचता येई, पण बदलता कुणालाच येत नसे. पुतणीने अकरा वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी आधी जुन्या वाचणाऱ्याला वाचायला दिल्या, मग नव्याला, आणि दोघांचं कुठे पटत नाही ते पाहिलं. तीन संध्याकाळी निघाल्या. त्या तिन्ही तिने चाचणी म्हणून पॅचला जोडल्या होत्या. तिसरीखाली लिहिलं होतं: 'टेबल नऊ. चाळीस फाईली जमा व्हायच्या होत्या. झाडूने एकही राखली नाही.'

टेबल नऊ म्हणजे कुणाचं, ते तिला माहीत नव्हतं. टेबलं नंतर दोनदा हलली होती. काकाला माहीत होतं. टेबल नऊ धाकट्याचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी धाकटा इथेच नकाशे काढायचा. तीन आठवडे खपून त्याने एका पंपाचे चाळीस नकाशे केले, शेवटच्या संध्याकाळी त्यांची सलग नावं सुटी करून प्रत्येकाला 'शेवटचं' जोडलं आणि जमा करायचं सकाळवर ठेवलं. काम पुरं झाल्यावरच जमा करायचं ही त्याची पद्धत, आणि तेव्हा ती चालत होती. एका सकाळी आला तर मशीनवर काही नाही. गिऱ्हाईक तुटलं. धाकटा शपथेवर सांगत होता की मी काही पुसलेलं नाही. बाईंनी काकाला बोलावून विचारलं, "झाडूने केलं असेल का?" काका म्हणाला, "झाडू जमा न केलेल्या फाईलीला हात लावत नाही." आणि वर, कुणी विचारलं नसताना, "तो लहानपणापासून वेंधळाच आहे, बाई." त्याच दिवशी धाकट्याला घरी पाठवलं.

तिसऱ्या महिन्यात काकाने सहज एक स्पेसवालं नाव घालून झाडू चालवून पाहिला. फाईल गेली. त्याने पुन्हा चालवला. पुन्हा गेली. त्याने स्क्रीन बंद केला, आणि दुसऱ्या आठवड्यात 'फाईलच्या नावात स्पेस सोडू नये, शिस्त राहते' असा नियम बाईंकडून मंजूर करून घेतला. धाकट्याला एका गोदामात खोकी चढवायचं काम लावून दिलं. धाकटा आजही त्याचे उपकार मानायचा. दर रविवारी सहकुटुंब जेवायला यायचा आणि सगळ्या घराच्या थट्टेचं गिऱ्हाईक व्हायचा. वहिनी, म्हणजे काकाची बायको, म्हणायची, "भावजी, चपला मोजून घाला बरं, एखादी आमचीच असायची!" धाकटा सगळ्यांआधी हसायचा.

तेव्हा गोष्ट एवढीच होती. शेवटच्या पानासकट पॅच आत गेला तर धाकट्याच्या कपाळावरचा डाग पुसला जाणार, आणि पुसलेला डाग काकाच्या कपाळी लागणार. काकाच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पॅच बाहेर राहिला तर शुक्रवारी पुतणी घरी.

काकाने थंड चहा एका घोटात संपवला आणि शेरे लिहायला घेतले.

तपासणीचे शेरे सगळ्या ऑफिसला दिसत. दुपारपर्यंत एकोणीस झाले. 'हे नाव वाचून काही कळत नाही. लिहिणारीला तरी कळतं का?' 'ही ओळ इथे का, हे देव जाणे आणि देवालाही विचारून सांगावं लागेल.' 'शाळेत निबंधाला मार्क मिळत असतील, इथे मिळत नाहीत.' आणि शेवटच्या पानावर फक्त, 'ही जुनी मढी काढून टाक.'

पुतणीने अठरा शेऱ्यांप्रमाणे मुकाट्याने बदल केले. एकोणिसाव्याखाली लिहिलं, 'सर, हाच खरा पुरावा आहे. बनावट नमुन्यांवर कुणीही पास होईल. राहू द्यावा.'

जेवणाच्या टेबलावर लांबू नावाचा एक उंचेला इंजिनिअर होता, तो म्हणाला, "गाळणी, सख्ख्या पुतणीला तरी जरा मोठ्या भोकाची गाळणी लावा की!"

"नातं आहे म्हणूनच," काका म्हणाला. "घराण्याचा गुण माहीत आहे मला. हिच्या बापाने चाळीस नकाशे हरवले. ही निदान नोकरी तरी नीट हरवू दे."

टेबलावरचे दोघे-तिघे हसले, लांबूही हसला. पुतणी तिथेच बसली होती. तिने हातातला घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग डब्याचं झाकण लावलं आणि उठली. काकाला वाटलं, बरं लागलं. मर्मावर बसलं की माणूस लवकर वाकतो.

पण ती वाकेना. गुरुवारी सकाळी काकाने विचार केला की काढ म्हणून ही काढत नाही, तर हिला वेळच पुरू द्यायचा नाही. तिच्या पॅचमध्ये त्याच्या जुन्या दोनशे ओळींपैकी शंभरेक तशाच होत्या, आणि नवं काम त्यांच्यात बसवलेलं होतं. त्याने शेरा मारला, 'असली ठिगळं चालणार नाहीत. करायचं तर पूर्ण फाईल नव्याने लिही. जुनी एकही ओळ दिसता कामा नये.' दोनशे ओळी, त्यांच्या चाचण्या, आणि हाती दीड दिवस. लांबूने शेरा वाचला आणि शीळ घातली.

पुतणीने खाली लिहिलं, 'ठीक आहे, सर.'

शुक्रवारी दुपारी दोनला नवी फाईल तयार होती. जुनी एकही ओळ नव्हती. शेवटचं पान मात्र होतं तसंच, तिन्ही संध्याकाळींसकट. काका वाचत गेला, पण बोट ठेवावं असं काही उरलं नव्हतं. आणि तेवढ्यात ती स्वतःच येऊन उभी राहिली.

"सर, जरा आतल्या खोलीत येता?"

आतली खोली म्हणजे चार खुर्च्या आणि एक फळा. तिने दार लावलं आणि टेबलावर एक जुनी वही ठेवली. दारावरच्या पहारेकऱ्याकडे टेबलांच्या खणांच्या किल्ल्या असत. किल्ली नेताना वहीत सही करावी लागे. वही मध्येच उघडलेली होती. टेबल नऊ, आणि पुढे धाकट्याची सही. शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची त्याला सवय होती.

"ही बाबांची सही आहे. चाळीस हा आकडा परवा जेवताना तुम्हीच सांगितलात," ती म्हणाली.

काकाने वहीकडे न बघता घड्याळाकडे पाहिलं.

"तारीखही बघा, त्या तिसऱ्या संध्याकाळचीच. बाबा दुपारीच घरी आले होते त्याच्या आदला दिवस. मी तेरा वर्षांची होते. आई म्हणाली, आज लवकर कसे? तर म्हणाले, मी काहीतरी मोठं हरवलंय, पण काय केलं तेच आठवत नाही." तिने वही मिटली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"इथे सर म्हणायचं."

"बरं. सर, तुम्हाला माहीत होतं?"

काकाने खुर्ची ओढली आणि बसला. आता आडवळण घेण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर त्याला त्याचा फारसा त्रासही झाला नाही. पोर समोर उभी होती, घड्याळ भिंतीवर होतं, आणि घड्याळ त्याच्या बाजूचं होतं.

"हे बघ," तो म्हणाला, "सव्वादोन झालेत. पाचला तुझा निकाल. ते शेवटचं पान काढ, मी या मिनिटाला 'चालेल' लिहितो. उद्यापासून तू कायम. घरी पगार येईल, तुझ्या बापाच्या गुडघ्यांना खोकी चढवण्यातून सुट्टी मिळेल. पान ठेवलंस तर मी 'नाही' लिहिणार. तू घरी, पॅच कचऱ्यात, आणि पान पॅचबरोबर कचऱ्यात. म्हणजे पान जायचंच आहे. तू राहायचं की नाही, एवढंच तुझ्या हातात."

"मी बाईंना सांगितलं तर?"

"सांग की. सहा महिन्यांची उमेदवार, काम पार पडलं नाही म्हणून चुलत्यावर आळ घेते. बापही असंच म्हणाला होता, मी नाही पुसलं. कोंबडीची पिल्लं कोंबडीसारखीच ओरडतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडेल असं त्याला वाटलं, आणि रडली असती तर त्याने रुमालही दिला असता. पण ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "माझी ही फाईल जशी आहे तशीच आत जाणार ना? तुमची कुठली जुनी ओळ परत घालायला लावणार नाही?"

"तुझ्या ओळी तुला लखलाभ."

"ठीक आहे."

अडीचला तिने शेवटचं पान काढलं. दोन पस्तीसला काकाने 'चालेल' लिहिलं. पाचला मोठ्या बाई स्वतः बाहेर आल्या, तिच्याशी हात मिळवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांबू म्हणाला, "गाळणीतून सबंध माणूस बाहेर आलेला मी पहिल्यांदाच बघतोय!" काकाने सगळ्यांसाठी चहा मागवला. सुंठीवाचून खोकला गेला होता. नोंद होती तिथे राहील, बाईंच्या कुलपात. तिला पुन्हा कोण उपसणार?

सोमवारी सकाळी काकाने मशीन उघडलं तर झाडूमध्ये रात्रीतून एक नवी दुरुस्ती आत गेलेली. तपासणीला त्याच्याकडे काहीच आलं नव्हतं. त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. त्याने उघडून पाहिली. तिन्ही संध्याकाळी. खाली किल्ल्यांच्या वहीचं पान, सहीसकट. वर एकच ओळ: 'टेबल नऊवरच्या चाळीस फाईली माणसाने नाही, झाडूने काढल्या.'

मंजुरी कुणाची म्हणून त्याने बघितलं. पुतणीची.

तेव्हा कुठे काकाच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो असा पडला की त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. सर्वांत जुन्या ओळी ज्याच्या, त्याचा शब्द शेवटचा. झाडूत काकाची आता एकही ओळ नव्हती. एकही दिसता कामा नये असं त्यानेच लिहून दिलं होतं, सगळ्या ऑफिसला वाचता येईल असं. शुक्रवारी दोन पस्तीसला त्याने स्वतःच्या हाताने झाडू पुतणीच्या नावावर करून दिला होता. आणि मालकाला स्वतःच्या फाईलीत भर घालायला कुणाला विचारावं लागत नाही. अकरा वर्षं हा फायदा काकानेच खाल्ला होता.

अकरा वाजता बाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर तेच पान छापून ठेवलेलं होतं.

"झाडूने केलं की नाही, एवढं सांगा," बाई म्हणाल्या.

"केलं."

"कधी कळलं?"

काकाने भिंतीकडे पाहिलं. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी ते पान पालथं घातलं. मग म्हणाल्या, "त्याला मी घालवलं. तुमच्या शब्दावर. त्याला पत्र जायला हवं, कंपनीच्या कागदावर, तुमच्या सहीचं. तुमचं काय करायचं ते पत्रानंतर बघू."

"लिहितो."

"आणि तपासल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. झाडूमुळे झालेली गोष्ट आहे. झाडू कुणाकडे आहे सध्या?"

पत्र तपासणीला गेलं आणि शेरे पुन्हा सगळ्या ऑफिसला दिसू लागले. पहिल्या पत्रात काकाने लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणाने काही गैरसमज झाला असावा.' पुतणीचा शेरा आला, 'गैरसमज कुणाचा? नाव लिहावं.' दुसऱ्यात लिहिलं, 'आमच्या प्रणालीकडून चूक घडली.' शेरा: 'प्रणाली कुणी लिहिली?' तिसऱ्यात, 'माझ्याकडून अनवधानाने.' शेरा: 'पहिल्या दिवशी अनवधान. मग तिसऱ्या महिन्यात स्पेसविरुद्ध नियम कशाला आणला?' तिच्या शेऱ्यांत एकही टोमणा नव्हता, एकही वाकडा शब्द नव्हता. काकाला वाटत होतं निदान एक तरी असावा. शिवी असती तर शिवीला उत्तर देता आलं असतं.

जेवणाच्या टेबलावर तो बसला की बोलणं थांबायचं. लांबू एकदा म्हणाला, "कितवं चाललंय?" आणि कुणी हसलं नाही, तेव्हा तोच ओशाळला. सातव्या पत्रात सात ओळी होत्या. फाईली माझ्या प्रोग्रामने पुसल्या. त्या दिवशी मला माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात कळलं. मी सांगितलं नाही. पुतणीने 'चालेल' लिहिलं.

धाकट्याला गुरुवारी बोलावलं. तो गोदामातून तसाच आला, निळ्या कपड्यांवर खोक्यांची धूळ. आतल्या खोलीत काका बसलेला आणि मुलगी उभी. त्याने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं.

"काय गं, काय हरवलंस?" तो घाबरून मुलीला म्हणाला. "दादा, हिने काही केलं असेल तर माझ्याकडे बघून पोटात घाल. माझ्यावरच गेलीय ती."

मुलीने पत्र त्याच्या हातात दिलं. तो सावकाश वाचत गेला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मान वर केली ती भावाकडे नाही, मुलीकडे.

"हे तू लिहून घेतलंस ना त्याच्याकडून?"

"बाबा, खरं आहे ते."

"लिहून घेतलंस की नाही?"

"घेतलं. सात वेळा."

"मग!" धाकट्याचा चेहरा जरा सुटला. "दादा, बघ, पोरीचं डोकं फिरलंय. नोकरी कायम झाली म्हणून माज आलाय. तू सांग तिला. तुझ्या तोंडाने सांग, असं काही नाही म्हणून."

काकासमोर दार सताड उघडलं होतं. 'हिने जबरदस्तीने लिहून घेतलं,' एवढं एक वाक्य. धाकट्याने ते दोन्ही हातांनी झेललं असतं. धाकट्याला ते हवंच होतं. त्याला नाव धुऊन नको होतं, भाऊ हवा होता. काकाने पुतणीकडे पाहिलं. ती त्याला अडवत नव्हती. नुसती बघत होती, हा शेवटचा मसुदा कसा निघतो ते.

"पत्र खरं आहे," काका म्हणाला. सत्याच्या प्रेमाने म्हणाला असं नाही. सात वेळा लिहून त्याची जीभच त्या वळणाला लागली होती.

"तिसऱ्या महिन्यात कळलं तुला?"

"हो."

धाकटा खुर्चीवर बसला. बोटांवर काहीतरी मोजू लागला. मग म्हणाला, "तिसऱ्या महिन्यात मी तुझ्याकडे आलो होतो, दादा. रविवार नव्हता. वहिनी माहेरी गेली होती. मी तुला म्हटलं, मी चाळीस फाईली पुसल्या आणि मला आठवत नाही, म्हणजे माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का? डॉक्टरला दाखवू का? तू वर्तमानपत्र वाचत होतास. तू म्हणालास, दाखव."

काकाला आठवलं. वर्तमानपत्रही आठवलं.

"मी दाखवलं," धाकटा म्हणाला. "गोळ्या दिल्या त्याने. दोन वर्षं घेतल्या. हात थरथरायचे, म्हणून नकाशाचं काम दुसरीकडे मिळत होतं ते घेतलं नाही. हिच्या आईलाही सांगितलं नाही कशाच्या गोळ्या आहेत ते. पोटाच्या म्हणायचो."

पुतणीचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

"तू थांब." धाकट्याने पत्र टेबलावर पसरलं, त्याच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या आणि भावाच्या पुढ्यात सरकवलं. "यात ते नाही."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला. मग पुतणीने कपाटातून कोरा कागद काढला, पत्राशेजारी ठेवला आणि आपलं पेन टोपण काढून काकाच्या हातात दिलं.

"काका, लिहून घ्या," ती म्हणाली. "बाबा, सावकाश सांगा. आठवेल तेवढंच."

"मला सगळं आठवतं," धाकटा म्हणाला, आणि त्या दिवशी कुठला वार होता तिथपासून सुरुवात केली. काका लिहू लागला. तिसऱ्या ओळीला त्याचा हात थांबला, तेव्हा धाकटाही थांबला, आणि हात पुन्हा चालू होईपर्यंत शांतपणे वाट बघत बसला.